परचुरे मॅडम आणि सहा रकाने

परचुरे मॅडमना 'वगैरे' हा शब्द सहन होत नसे.

पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "आंतरराष्ट्रीय कायदा कशासाठी असतो?" मी मागच्या बाकावरून धीर करून म्हणाले, "शांतता, मानवी हक्क वगैरे." मॅडमनी हातातला खडू टेबलावर ठेवला. "वगैरेत काय काय येतं? सांगा. मी थांबते." आणि त्या खरोखरच थांबल्या. बाहेर कुणीतरी न सुरू होणाऱ्या गाडीला किका मारत होतं, तेवढाच काय तो आवाज. मिनिटभर तरी गेलं असेल. मग म्हणाल्या, "काही येत नाही ना? मग कशाला ते ओझं वाहायचं? बसा."

त्यानंतर दोन महिने मी त्यांच्या तासाला तोंड उघडलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई-वडील वाशीमकडून पुण्याला आले, विश्रांतवाडीत राहिले. वडील गोदामात माल उतरवायला जातात. कॉलेजात बोलायचं कसं हे सांगणारं घरी कुणी नव्हतं, त्यामुळे इतरांना जी गंमत वाटली ती मला शिक्षा वाटली. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "तुह्या मॅडम लय कडक हायेत का वं?" कडक हा शब्दसुद्धा मॅडमनी खोडला असता. कडक म्हणजे नेमकं काय, असं विचारलं असतं.

त्या निवृत्त झालेल्या होत्या. आंतरराष्ट्रीय कायद्याला दुसरं कुणी मिळत नाही म्हणून आमच्या कॉलेजने त्यांना आठवड्यातून तीन दिवस परत बोलावलं होतं. बसने यायच्या. खडू स्वतःचे आणायच्या, स्टीलच्या डबीत, कारण कॉलेजचे खडू "लिहिण्यापेक्षा सांडण्यासाठी बनवलेले" होते. सगळं लिखाण पाठकोऱ्या कागदांवर. त्यामुळे त्यांनी दिलेल्या टिपणाच्या मागे कधी लग्नाची पत्रिका असे, कधी सोसायटीचं पाणी बंद असल्याची सूचना. रागावल्या की आवाज चढत नसे, उलट खाली येई, आणि समोरच्याला त्या 'आपण' म्हणू लागत. 'तुम्ही'चं 'आपण' झालं की वर्गात सगळे आपापल्या वह्यांत बघायला लागत.

जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर त्या वैतागलेल्या असत, पण सगळ्यात जास्त देशाने करारांवर केलेल्या सहीवर. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात विसावं कलम आहे. धर्म, वंश किंवा राष्ट्रीयत्वावरून द्वेषाचा असा प्रचार, की ज्यातून भेदभावाला, वैराला किंवा हिंसेला चिथावणी मिळते, तो कायद्याने बंद करावा, असं ते सांगतं. हे कलम त्या दर वर्षी पहिल्या महिन्यात वर्गात उभ्याने वाचून घेत, राष्ट्रगीतासारखं.

"आपल्या देशाने हा करार मान्य केलाय," त्या सांगत. "काही कलमांवर आपलं म्हणणं वेगळं आहे असं आपण लिहूनही दिलं. या कलमावर? एक अक्षर नाही. म्हणजे पूर्ण मान्य. आता पुढे?"

हा 'पुढे?' त्यांचा ठरलेला होता. आपण उत्तर देऊन सुटलो असं वाटे, तेवढ्यात तो येई.

करार पाळला की नाही याचा अहवाल देशाने ठरावीक काळाने द्यायचा असतो. आपला एक अहवाल जवळजवळ वीस वर्षं उशिरा गेला. ही गोष्ट मॅडम अशी सांगत की जणू त्यांच्याच घरातल्या कुणीतरी लाज आणली होती. "शेजारणीचा डबा परत करायला आपण एवढा वेळ लावत नाही," त्या म्हणत. "आणि परत करताना रिकामा देत नाही. या अहवालात काय घातलं ते वाचा." कुणी वाचत नसे. त्या पुढच्या तासाला स्वतः प्रती घेऊन येत, पाठकोऱ्या.

मग सहा रकाने. कोणतंही भाषण द्वेषाचं आहे असं म्हणायचं असेल तर आधी आडव्या कागदावर सहा रकाने आखायचे. कोणत्या परिस्थितीत बोललं गेलं. बोलणारा कोण आणि लोक त्याचं ऐकतात का. हेतू काय. नेमके शब्द काय. किती लोकांपर्यंत गेलं. त्यातून खरोखर कुणाचं काही वाईट होण्याचा धोका किती. या कसोट्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या, पण आमच्या कॉलेजात सगळे त्यांना परचुरे मॅडमचे रकाने म्हणत. कँटीनमध्ये कुणी कुणाला शिवी दिली की दुसरा म्हणे, "थांब, आधी रकाने भर."

एकदा अनिकेत नावाचा आमचा एक वर्गमित्र तावातावाने मोबाइल घेऊन आला. कुठल्याशा विनोदी कार्यक्रमात एकाने त्याच्या घरच्या देवाच्या उत्सवाची टिंगल केली होती. "मॅडम, गुन्हा दाखल झालाच पाहिजे."

"आखा," मॅडम म्हणाल्या.

अख्खा तास गेला. परिस्थिती: करमणुकीचा कार्यक्रम. बोलणारा: याआधी कुणी नाव न ऐकलेला. हेतू: हसवणे, फारसा न साधलेला. शब्द लिहिले. शेवटच्या रकान्यापाशी अनिकेत अडला.

"कुणाला काय धोका आहे?" मॅडमनी विचारलं.

"मला फार वाईट वाटलं, मॅडम."

"वाटलं असेल. विनोदही वाईटच आहे. पण या रकान्यात तुमचं वाईट वाटणं बसत नाही. या भाषणामुळे उद्या तुम्हाला कुणी घर नाकारणार आहे? काम नाकारणार आहे? मारणार आहे?"

"नाही."

"मग घरी जा, चहा प्या, आणि त्याच्यावर त्याच्याहून चांगला विनोद करा."

कुणीतरी मागून म्हणालं, "पण मॅडम, भावना दुखावल्याचं कलम आहे ना आपल्याकडे?"

मॅडमनी डोळे मिटले. "आहे. तीच तर पंचाईत आहे. कोण दुखावलं याचे आपल्याकडे ढीगभर गुन्हे दाखल होतात. कुणाच्या पोटावर पाय आला याचा कागद मात्र सरकारी मंजुरीसाठी पडून राहतो. कराराने सांगितलंय दुसरं, आपण उत्साहाने करतोय पहिलं. आणि अहवालात लिहितो, आमच्याकडे कडक कायदे आहेत वगैरे."

वर्ग हसला. वगैरे त्यांनी स्वतः वापरला होता. त्या हसल्या नाहीत. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, हे प्रामाणिकपणे सांगते. अनिकेतचा चेहरा पडला होता आणि त्यांचं रकान्यांवरचं प्रेम माणसांपेक्षा जास्त आहे असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षी त्यांनी मला त्यांची जुनी टिपणं टाईप करायला घरी बोलावलं. शनिवारी मी विश्रांतवाडीहून बसने स्वारगेटला यायची आणि तिथून चालत त्यांच्या सोसायटीत. चार इमारती, एक छोटं सभागृह, आणि त्या सभागृहात दर हिवाळ्यात होणारी व्याख्यानमाला. तीन दिवस, तीन वक्ते, बरोबर साडेसहाला सुरू. खुर्च्या भराव्यात म्हणून मॅडम आम्हा विद्यार्थ्यांनाही बोलवत. "फुकट आहे आणि चहा आहे, तक्रार कसली करता?"

व्याख्यानमालेत मॅडमकडे एकच काम होतं, आभारप्रदर्शन. वर्षानुवर्षं. इतरांचे आभार लांबतात, लोक बसल्या जागी चपला चाचपडू लागतात, म्हणून त्यांनी ते आपल्याकडे घेतलं होतं. आदल्या दिवशी चिठ्ठी लिहून ठेवायच्या. दीड मिनिटाचा मजकूर, कधी कमी नाही, कधी जास्त नाही. वक्त्यांचे 'उद्बोधक विचारांबद्दल', अध्यक्षांचे, चहावाल्यांचे, आणि शेवटी 'ध्वनिव्यवस्था चोख सांभाळणारे आपले बशीरभाई यांचे'.

बशीरभाई सोसायटीचे इलेक्ट्रिशियन. येरवड्याला राहायचे. वीसएक वर्षं त्या चारही इमारतींतले पंखे, गिझर, जिन्यातले दिवे, पाण्याची मोटार सगळं तेच बघत. कुठली वायर कुठून गेली आहे हे नकाशात नव्हतं, त्यांच्या डोक्यात होतं. व्याख्यानमालेला मागच्या कोपऱ्यात ते ॲम्प्लिफायरपाशी बसत आणि प्रत्येक भाषण ध्वनिमुद्रित करून पेनड्राइव्ह समितीसाठी मॅडमकडे आणून देत.

त्या वर्षी तिसऱ्या दिवशीचा विषय होता 'नागरिकांची सुरक्षितता'. वक्ते बाहेरून बोलावलेले होते. पहिला अर्धा तास कुलपं, कॅमेरे, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी घ्यायची काळजी असं चाललं. मग भाषण वळलं. नाव न घेता ते एका समाजाबद्दल बोलू लागले, पण कुणाबद्दल ते सभागृहातल्या लहान मुलालाही कळलं असतं. मध्येच माइक किंचाळला. बशीरभाई वाकून पुढे आले, वायर बदलली, "हॅलो, हॅलो" करून बघितलं, आणि परत मागे जाऊन बसले. "हां, आता आलं," वक्ते म्हणाले आणि तिथूनच पुढे सुरू झाले. "हे लोक वायर बघायला येतात आणि घर बघून जातात. आजपासून यांच्यातल्या एकालाही गेटच्या आत घेणार नाही, असं ज्यांनी ठरवलंय त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. मी दाराजवळ बसले होते, मला पाठीमागून ते हात दिसत होते. मला बशीरभाईंकडे बघायचं धाडस झालं नाही.

टाळ्या झाल्या. सूत्रसंचालक म्हणाले, "आभार मानतील परचुरे मॅडम." मॅडम उठल्या. घडी केलेली चिठ्ठी उघडली. मला वाटलं, आता त्या 'आपण' म्हणतील. त्यांनी चिठ्ठी वाचली. उद्बोधक विचारांबद्दल वक्त्यांचे आभार. अध्यक्षांचे. चहावाल्यांचे. आपले बशीरभाई यांचे. दीड मिनिट. पुन्हा टाळ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "इंगळे, या." मी गेले तर मॅडम दिवाणखान्यात बसल्या होत्या. समोर पेनड्राइव्ह होता.

"बशीरभाईंनी स्वतः आणून दिला सकाळी," त्या म्हणाल्या. "रिवाजाप्रमाणे. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले." मग एकदम, "मी काल काय केलं?"

"आभार मानलेत, मॅडम."

"का?"

"ठरलेलं होतं म्हणून?"

"कागद हातात होता म्हणून. समोर जे झालं ते ऐकलं, आणि तरी हातात होतं ते वाचलं. याला आमच्याकडे सभ्यपणा म्हणतात." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता, पण या वेळी राग स्वतःवरच होता, 'आपण' म्हणायला समोर दुसरं कुणी नव्हतं. "रकाने आखा."

चौथ्या रकान्यासाठी संपूर्ण भाषण शब्दशः उतरवायचं होतं. मी तीन दिवस कानाला मोबाइल लावून बसले. पहिली प्रत मॅडमनी परत केली, कारण मी टाळ्या कुठे पडल्या ते लिहिलं नव्हतं. दुसरी परत केली, कारण 'सगळ्यांनी हात वर केले' असं मी कंसात लिहिलं होतं.

"सगळ्यांनी? मोजलेत?"

"नाही."

"मग लिहा, बरेच हात वर, मोजले नाहीत. आपली बाजू खरी आहे म्हणून आकडा वाढवायचा नसतो. तोच तर त्यांचा धंदा आहे."

तिसरी प्रत घेऊन गेले तेव्हा मी खरोखर रडकुंडीला आले होते. परीक्षा तोंडावर होती. मॅडमनी शेवटचं पान उलटलं. "पुढचं?"

"भाषण इथे संपतं, मॅडम."

"कार्यक्रम संपतो का?"

"पुढे तुमचं... आभार आहेत."

"म्हणून?"

"ते नसलं तरी चालेल असं वाटलं."

"कुणाला चालेल?" त्या म्हणाल्या. "बशीरभाईंना? पहिल्या रकान्यात घाला. या भाषणानंतर मंचावरून जाहीर आभार मानले गेले आणि मानणारी बाई हाच कायदा शिकवते. दुसऱ्यातही घाला. मी 'उद्बोधक' म्हटल्यावर त्या माणसाच्या शब्दाला वजन आलंच असणार."

मी ते दीड मिनिट उतरवलं. त्यांचा स्वच्छ, एकसारखा आवाज, एकही शब्द न अडखळता. मॅडम शेजारी बसून ऐकत होत्या, आणि 'आपले बशीरभाई' आलं तेव्हा उठून आत गेल्या.

तोवर सोसायटीच्या समितीने ठराव करून टाकला होता. 'सुरक्षेच्या कारणास्तव बाहेरील कारागिरांना प्रवेश बंद.' कुणाचंच नाव नाही. पण प्लंबर येत होता, सुतार येत होता, फक्त बशीरभाईंना वॉचमन गेटवर थांबवत होता. सोसायटीचे अध्यक्ष जोगळेकर काका, बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला अतिशय मऊ. मॅडमनी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "अहो, ठरावात कुठे कुणाचा धर्म आहे? तुम्ही उगाच आंतरराष्ट्रीय करताय."

"आणि प्लंबर?"

"तो आपला पवार हो. त्याला कोण अडवणार?"

"धन्यवाद," मॅडम म्हणाल्या. "हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेते."

पोलीस चौकीत आम्ही दोघी गेलो. साहेबांनी अर्ज, सहा रकाने, शब्दशः उतारा, सगळं शांतपणे वाचलं. माणूस वाईट नव्हता. शेवटच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"मॅडम, इथे तर तुम्हीच आभार मानलेत."

"हो. ते पान मुद्दाम जोडलंय."

"मग तुमचं नाव साक्षीदारात घेऊ की आरोपीत?"

"कायद्यात जिथे बसेल तिथे घ्या. मला दोन्हीकडे बसायची सवय नाही, शिकेन."

साहेब हसले. मग म्हणाले, "हे तेढ निर्माण करण्याचं कलम. यात कोर्टाने दखल घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको."

"नको. मी तीस वर्षं शिकवतेय."

"मग किती वेळ लागतो तेही माहिती असेल."

"तेही शिकवते," मॅडम म्हणाल्या.

परत येताना बसमध्ये मी विचारलं, "आपल्याला थेट जिनिव्हाला, हा करार बघणाऱ्या समितीकडे तक्रार करता येईल का?" मला वाटत होतं, आता त्या खूश होतील.

"एकट्या माणसाने तक्रार करायची सोय एका जोडकरारात आहे. त्यावर आपली सही नाही." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "दार आहे, इंगळे. बेल नाही."

महिने गेले. मॅडम दर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र पाठवत. चौकशी चालू आहे, कागद वर गेला आहे, कागद खाली आला आहे, त्रुटीची पूर्तता करावी. त्रुटी अशी होती की कागद आडवा होता, नमुना उभा हवा होता. मॅडमनी सहा रकाने उभ्या कागदावर आखले. मी टाईप केले. सर्वसाधारण सभेत त्यांनी ठरावाविरुद्ध बोलायचा प्रयत्न केला, तर लोकांनी हात जोडून सांगितलं, "मॅडम, इथे कॉलेज नको." बाजूने चार हात वर आले. ते त्यांनी मोजले.

त्या काळात त्यांच्याबरोबर राहणं अवघड होतं. वर्गात शिकवताना वाक्य अर्धवट सोडत. एकदा मी म्हणून गेले, "मॅडम, आता राहू द्या ना." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते दोन शब्द परत गिळले.

मार्चमध्ये सोसायटीची पाण्याची मोटार बंद पडली. बाहेरून दोन माणसं आणली, दोघांनाही वायरिंगचा पत्ता लागेना. चार दिवस टँकर आला. मग समितीने नवा ठराव केला: ज्या कारागिरांची पोलीस पडताळणी झाली आहे त्यांना, सोबत एक सभासद पूर्णवेळ हजर असल्यास, प्रवेश द्यावा. प्रत्येक भेटीची नोंदवहीत नोंद, सोबतच्या सभासदाच्या सहीसह.

मॅडम संतापल्या. बशीरभाईंना त्यांनी फोन करून बोलावलं. अर्थात गेटबाहेर, रस्त्यावर, कारण आत यायचं तर सोबत सभासद हवा. मीही होते.

"हे मान्य करू नका," त्या म्हणाल्या. "पवारच्या सोबत कुणी फिरत नाही. फक्त तुमच्या. हाच भेदभाव आहे, आणि या वेळी तो लेखी आहे. मी हे अर्जाला जोडते. केस मजबूत होईल."

बशीरभाई स्कूटरवर एका बाजूने टेकून उभे होते. डिकीला पिशवी, पिशवीतून टेस्टर बाहेर डोकावत होता.

"मॅडम, तुमचा कायदा बरोबर आहे," ते म्हणाले. "मला मान्य आहे. पण पंखे उन्हाळ्यातच बिघडतात. दोन महिन्यांचं काम असतं. तुमची मंजुरी येईल तेव्हा पावसाळा असेल."

मॅडमनी हातातली ठरावाची प्रत घडी करून पिशवीत ठेवली.

"पण सोबत कोण येणार?" बशीरभाईंनी विचारलं. "मोटारीला जोगळेकर साहेब आले होते, दहा मिनिटांत ऊन लागतं म्हणून गेले. मग वॉचमनने मलाही बाहेर काढलं. मोटार उघडी तशीच. आता एवढ्या घरांचे पंखे आहेत. सगळे म्हणतात, या, पण सभासद दुसरा कुणीतरी आणा."

मॅडमच्या गुडघ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. इमारतींना लिफ्ट नव्हती.

मे महिन्यात माझा निकाल लागला. सांगायला म्हणून मी सोसायटीत गेले. मॅडमच्या दाराला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, "सी बिल्डिंगला बघा. सकाळपासून बी होती, आता सी." तिसऱ्या मजल्यावरून हातोडीचा आवाज येत होता. वर गेले. दार उघडं होतं, ते जोगळेकर काकांचं घर होतं.

दिवाणखान्याच्या मधोमध शिडी. शिडीवर बशीरभाई, पंख्याच्या छतालगतच्या कपापाशी मान वाकवून. आणि खाली परचुरे मॅडम, पदर खोचलेला, दोन्ही हातांनी शिडी धरून, घामाघूम. मागच्या सोफ्यावर जोगळेकर काका संकोचून बसले होते.

"पास झाले, मॅडम," मी दारातूनच म्हणाले. "तुमच्या विषयात सगळ्यात जास्त आहेत."

"अभिनंदन. आत या, मला हलता येत नाही. ठरावात पूर्णवेळ म्हटलंय."

"मॅडम, मी धरते ना शिडी."

"तुम्ही सभासद आहात?"

"नाही."

"मग बसा."

जोगळेकर काका खाकरले. "मॅडम, तुम्ही सकाळपासून उभ्या आहात. गुडघ्याला बरं नाही ते. अहो, मी कधीचा म्हणतोय, राहू द्या आता. एक दिवस सोबत नसलं तर कोण बघतंय?"

"मी बघतेय," मॅडम म्हणाल्या. "करारावर सही करून न पाळणाऱ्यांवर मी आयुष्यभर ओरडले. हा तुमचा ठराव मला मुळीच पटत नाही. पण आहे तोवर पाळून दाखवते. कसा दिसतो ते सगळ्यांनी आपापल्या घरात बसून बघावं."

वरून बशीरभाई म्हणाले, "साहेब, शिडी जरा हलतेय."

जोगळेकर काका उठले. क्षणभर उभे राहिले, मग पुढे येऊन त्यांनी शिडीचे दोन्ही दांडे धरले. मॅडमनी हात सोडले आणि समोरच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या. बसताना तोंडातून आवाज निघाला तो त्यांनी दाबला. मग टीपॉयवरची नोंदवही उघडून मांडीवर घेतली.

"आता सोबत तुम्ही आहात," त्या म्हणाल्या. "तुम्हीही सभासदच. या नोंदीत नाव तुमचं लिहू?"

काकांनी वर बघितलं. बशीरभाईंची पावलं त्यांच्या डोळ्यांसमोर होती, जुन्या चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या, आणि एका पायाच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. काकांनी पकड घट्ट केली.

"धरतो मी," ते म्हणाले. "नाव... तुमचंच असू द्या."

मला वाटलं, आता 'आपण' येणार. पण त्यांनी पेनाचं टोपण काढलं, स्वतःचं नाव लिहिलं, आणि शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात, मी वाकून बघितलं, लिहिलं: शिडी जोगळेकरांनी धरली. ४.२० ते.

मग घड्याळाकडे बघत, पेन हातात धरून, त्या बशीरभाईंचं काम संपायची वाट बघत बसल्या.